भांडाररावांची तूरडाळ

प्रिय मीरा आणि ईशान,

मागच्या रविवारी मीराने फोनवर विचारलं, "आजी, दहा मिनिटांत सगळं घरपोच येतं, मग डाळीसाठी तू रांगेत का उभी राहतेस?" मी हसून वेळ मारून नेली. मंगळवारी त्या डाळीच्या दुकानाचे भांडारराव गेल्याचं कळलं. आता उत्तर द्यायलाच हवं, आणि ते फोनवर मावणारं नाही. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

भांडाररावांना कुणी भाव विचारला की ते आधी विचारायचे, "घरात माणसं किती?" नवीन गिऱ्हाईक बावरायचं. एकदा एक बाई चिडून म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय? मुलगी बघायला आलात का?" राव शांतपणे म्हणाले, "नाही अक्का. तुम्ही पाच किलो डाळ मागताय. तिघंच असाल तर निम्मी डाळ तुमच्याआधी किडे जेवतील." बाई दीड किलो घेऊन गेल्या आणि पुढे दर महिन्याला येत राहिल्या.

ते इथल्याच जुन्या मराठी घरातले, आपल्यासारखे. बोलताना निम्मं कन्नड. सहकार खात्यात अधिकारी होते आणि येलहंक्यातलं आमचं सहकारी सोसायटीचं दुकान बंद करायला आले होते. दुकान होतंच तसं. शटर अकराला उघडायचं, आत जाळी लागलेला रवा आणि धुण्याचा साबण. दिवाळीपर्यंत फळ्या भरलेल्या आणि सभासद परतलेले दिसले नाहीत, तर कुलूप लावायचं, असा हुकूम होता. रावांनी कुलूप बाजूला ठेवलं आणि आठवडाभर दारात स्टूल टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं, "इथे का येत नाही?" कुणीतरी सांगितलं, "दुकान उघडं असतं तेव्हा माल नसतो, माल असतो तेव्हा तुम्ही नसता." दुसऱ्या दिवसापासून दुकान सकाळी साडेसातला उघडू लागलं. पहिल्या दिवशी फरशी त्यांनी स्वतः धुतली.

मी तेव्हा दुकानाच्या समितीची चिटणीस होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, ठराव टापटीप लिहिणारी, एवढीच माझी पात्रता. गणपतीच्या सुमाराला तूरडाळ एकदम कडाडली. मी ठराव मांडला: आपण जुन्याच भावाने विकायची. राव म्हणाले, "अक्का, फार स्वस्त विकली तर डाळ पळते. स्वल्प स्वस्त विकली, पण रोज विकली, तर बाजार वाकतो." मला वाटलं, सरकारी माणूस, याला कसली कणव. ठराव एकमताने मंजूर झाला. राव म्हणाले, "सरी, ठीक," आणि सकाळी जुन्या भावाची पाटी लावली.

अकराच्या आत पोती रिकामी झाली. हॉटेलवाल्यांनी आपली माणसं एकेक करून रांगेत उभी केली होती. 'घरात माणसं किती' विचारलं की प्रत्येक जण 'आठ' म्हणायचा. दुपारी तीच डाळ कोपऱ्यावरच्या दुकानात चढ्या भावाने विकायला होती, आणि आमच्या गल्लीतल्या पेन्शनवर जगणाऱ्या दोघी बहिणी रिकामी पिशवी घेऊन परतल्या. रावांनी मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "ठराव छान लिहिला होता, अक्का. अक्षरही सुंदर." तुमच्या आजीला आयुष्यात कुणी यापेक्षा जोरात मारलेलं नाही.

दिवाळी तोंडावर आणि फळ्या मोकळ्या. राव म्हणाले, "चला, जिथे पिकते तिथेच जाऊ." मला घेऊन ते कलबुर्गीला शेतकऱ्यांच्या एका सहकारी संस्थेत गेले. तिथले म्हातारे अध्यक्ष आम्हाला बसा म्हणायच्या आधीच म्हणाले, "भाव चढला की शहराला आमची आठवण होते. पडला की कोण येतं?"

"मी येईन," राव म्हणाले. "वर्षभर एकच भाव. चढला तरी तोच, पडला तरी तोच."

"तोंडी?"

राव माझ्याकडे वळले. "अक्का, लिहा. या वेळी स्वल्पच लिहा."

मी चार ओळी लिहिल्या. म्हाताऱ्यांनी त्या दोनदा वाचून घेतल्या आणि सही केली.

मग दर आठवड्याला पोती येऊ लागली. डाळ बाजारापेक्षा थोडीच स्वस्त, एका घराला दोन किलो, आणि रोज सकाळी हजर. एवढ्याशा फरकासाठी हॉटेलवाले रांगेत येईनात. उद्याही मिळणार हे कळल्यावर लोकांनी साठे करणं सोडलं. पंधरा दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानदाराला भाव उतरवावा लागला. दिवाळीला खात्याचे साहेब आले, भरलेल्या फळ्या बघून गेले. कुलूप टळलं.

पण माणूस मला कळला तो पुढच्या वर्षी. पीक उदंड आलं आणि बाजारात डाळ कोसळली. आता आमचीच महाग. आमच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मोडा तो करार. शेतकरी काय कोर्टात जाणार आहेत?" राव म्हणाले, "कोर्टात नाही जाणार. फक्त पुढच्या वेळी बसा म्हणणार नाहीत." पोती पडून राहिली असती तर खात्याला पुन्हा निमित्त मिळालं असतं. राव दारात उभे राहून सांगू लागले, "घरात चार माणसं ना? मग दोन किलो इथली घ्या. बाकीची बाहेरून घ्या, मी बघणार नाही."

मी तीन गल्ल्या पायी फिरले. हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "मी का म्हणून जास्त देऊ?"

म्हटलं, "गेल्या दिवाळीत कमी दिलेत म्हणून."

ते आत जाऊन पिशवी घेऊन आले. पोतं एकही पडून राहिलं नाही. त्या वर्षी माझ्या ठरावांवरचा माझा विश्वास कमी झाला आणि शेजाऱ्यांवरचा वाढला.

निवृत्त झाल्यावर राव लेकीकडे एचएसआर लेआउटला राहायला गेले. तिथून दोन बस बदलून महिन्यातून एकदा डाळीला यायचे. नवी मॅनेजर मुलगी त्यांना पुढे बोलवायची, तर म्हणायचे, "रांगेत उभं राहिल्याशिवाय दुकान कसं चाललंय ते कळत नाही, मगा." मगा म्हणजे लेकरू. शेवटचे आले तेव्हा काठी होती, आणि मधेच पायरीवर टेकावं लागलं.

"अक्का, यंदा बाहेर स्वस्त आहे ना?"

"हो."

"आणि आपली?"

"ठरलेल्याच भावाने."

"गिऱ्हाईक?"

मी रांगेकडे बोट दाखवलं. त्यांनी मान वळवून ती शेवटपर्यंत बघितली आणि उठून पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

कलबुर्गीच्या त्या अध्यक्षांच्या जागी आता त्यांची सून आहे. चार ओळींचा कागद दर वर्षी नव्याने होतो. दुकान उघडं आहे, आणि करार अजून एकदाही मोडलेला नाही.

तुमची आजी