खोटी थाळी

आमच्या कोळीवाड्यातली पहिली बी.कॉम. मी. हे आधीच सांगते, कारण गेटवर ऐकायचा तो खेळ सुरू केला तो मी, आणि त्याचं श्रेय मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या एका कारखान्याला मालकाने टाळं ठोकलं होतं आणि आम्ही सगळे कामगार गेटवर धरणं धरून होतो. मी तिथं ऑफिसात, धाकटा भाऊ प्लँटवर. ठेकेदाराच्या माणसाने भावाच्या कामावरच्या जोडीदाराचा जबडा सळईने फोडला. त्या दिवसापासून भाऊ पिशवीत कोयता घेऊन गेटवर बसायचा. "परत दिसला ना, मान उतरवीन त्याची." आणि हा नुसतं बोलून मोकळा होणारा नव्हता. मला एवढंच हवं होतं, की त्याच्या हातून खून होऊ नये.

नुसतं बसलं की सगळ्यांचेच हात दगडांकडे जायचे. म्हणून मी त्यांना वाजवायला बसवलं. रिकामे ड्रम, पाइपचे तुकडे, डबे. मी घरची पितळी थाळी आणली. वाजवता कुणालाच येत नव्हतं. नियम एकच: डोळे मिटायचे आणि शेजारच्याचं ऐकू येईल इतकंच मारायचं. पहिल्या दिवशी सगळे ड्रमवर तुटून पडले.

"अरे, ड्रम आहे तो, ठेकेदाराचं डोकं नाही!"

"वही समझ के मार रहे हैं, मॅडम," बिहारी वेल्डर म्हणाला. सगळे खदखदून हसले.

भाऊ कुरकुरला, "बाय, ह्या पोरखेळानं काय व्हनार हाय?" पण पाइप सोडला नाही. हळूहळू लोक ऐकायला लागले. डोंगराकडचा हेल्पर डबा वाजवायचा, वेल्डर ड्रमवर त्याला उत्तर द्यायचा. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. बाकीच्यांचे हात हलके झाले. भावाचा जडच राहिला.

एका दुपारी ड्रमचा आवाज मधेच तुटला. डोळे उघडले तर वेल्डरचं डोकं फुटलेलं, रक्त ड्रमवर, आणि टेम्पोतून माणसं उतरताहेत. सगळ्यांच्या पुढे तोच सळईवाला. त्याची पाठ भावाकडे होती. भावाने कोयता उचलला.

मी थाळीच्या काठावर भराभर मारत सुटले, श्वास न घेता.

आमच्या गावात तशी थाळी वाजली की एकच अर्थ: होडी उलटली. हातातलं टाकायचं आणि किनारा गाठायचा. दुसऱ्या कशासाठी ती कुणी कधी वाजवली नव्हती.

कोयता खाली पडला. तो पडायच्या आधीच भावाचे पाय वळले होते. तो खाडीच्या रस्त्याने सुटला, आणि मागोमाग आमच्या गावचे सगळे कामगार. मार खाल्ला तो मागे राहिलेल्यांनी. हेल्परच्या बरगड्या मोडल्या. माझं मनगट सळईखाली आलं, थाळी वाकली.

संध्याकाळी भाऊ दवाखान्यात आला. "कोनाची होडी?"

"कोनाचीच नाय."

"खोटी थाळी वाजवलीस तू?"

"वाजवली. तू तुरुंगात नायस."

तो थुंकला आणि निघून गेला. वेल्डरच्या खाटेकडे बघायचं मात्र माझ्या जिवावर आलं.

पुढे एकदा खरीच थाळी वाजली. सगळा कोळीवाडा धावला. भाऊ दारातच थबकला आणि त्याने आधी माझ्या हातांकडे बघितलं. ते तांदळाच्या पिठात होते. मग तो धावला.