मेहुणे कॅमेरा तपासतात

माझ्या मोठ्या मेहुण्यांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या भेटीत पसंत केलेली नाही, आणि वस्तूंमध्ये मी, त्यांची बायको आणि रायपूर शहर हे तिन्ही धरायला हरकत नाही. रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी सगळी नोकरी माल तपासण्यात घालवली. सळई आली की तिचा तुकडा कापायचा, तो वाकवायचा, ओढायचा, तुटेपर्यंत ओढायचा, आणि तो कसा तुटला यावरून बाकीच्या सळयांचं भवितव्य ठरवायचं, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले तेव्हा मिल तिथेच राहिली, ओढाताण मात्र घरी आली. बाजारात ते फुलकोबी कानाशी नेऊन दाबतात आणि ती काय म्हणते ते ऐकतात. नव्या खुर्चीवर आधी तांदळाचं पोतं बसतं, मग माणसं. लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही की घरदार विचारलं नाही. समोर ठेवलेला चहा पार गार होईपर्यंत माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा माणूस; गप्प बसणं एवढं एकच मला चांगलं जमतं. मी गप्प बसलो. ‘पोट्टा दाब सहन करते,’ असा निकाल त्यांनी घरी जाऊन दिला. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अजूनही मला म्हणतात, ‘जवाई, तुमचा निकाल तरी लागला. मी अजून यार्डातच पडून आहे.’

हे यार्ड प्रकरण समजून घेतल्याशिवाय मेहुणे समजत नाहीत. गेटमधून माल आत आला म्हणजे घेतला, असं मिलमध्ये नसतं. तो यार्डात पडून राहतो, तपासला जातो, पास झाला तर घेतला. घरीही तेच. नवा मिक्सर आला आणि कितीतरी दिवस खोक्यातच राहिला, कारण तो ‘आला होता, घेतला नव्हता’. तोवर वहिनी पाट्यावर चटणी वाटत होत्या. दुसरा नियम तुकड्याचा. तपासायला कापलेला तुकडा कितीही उत्तम निघाला तरी भंगारात जातो. ‘सँपल डिस्पॅच होत नसते,’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणू शकेन. टरबूज विकत घेतलं की ते त्याला चाखायची चौकोनी फोड पाडतात, आणि ती फोड स्वतःही खात नाहीत, गायीला देतात.

त्यांची धाकटी बहीण म्हणजे माझी बायको. ती आता नाही. तिचं हृदय थकलं होतं, आणि डॉक्टर आमच्याशी जपून बोलायला लागले होते, तेव्हा तिनं एक दिवस मेहुणे जेवायला आले असताना जाहीर केलं की तिला स्वतःचा एक चांगला फोटो हवा आहे. कशासाठी तेही सांगितलं. भिंतीसाठी. तिची मावशी गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा फोटोच सापडला नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून मावशी कापून काढली, मोठी केली आणि फ्रेममध्ये बसवली. तेव्हापासून मावशीच्या खांद्यावर एक परका पुरुषी हात आहे, आणि हाताच्या मालकाचा पत्ता नाही. ‘मले तसं नको,’ बायको म्हणाली. ‘मी जिती आहो तोवर फोटो मी पसंत करीन. मंग तुम्ही हार घाला नाही तर खुंटी ठोका.’ मोबाइलवर काढू, असं मी म्हणालो. ‘मोबाइल मले बिस्किटाच्या पुड्यावरची पोट्टी करून टाकते. लोकं म्हणतीन, हे कोण वारलं?’

मेहुण्यांनी घास खाली ठेवला. ‘मी कॅमेरा आणतो,’ ते म्हणाले. ‘खरा.’

दुकानात मी सोबत होतो. दुकानदारानं समोर एक लहानसा कॅमेरा ठेवला, आरसा नसलेल्या नव्या जातीचा, नवशिक्यांसाठीचा, मुठीत मावेल एवढा. ‘अंकल, शादी-ब्याह के लिए चाहिए या घर के लिए?’ त्यानं विचारलं. मेहुणे म्हणाले, ‘एक फोटो के लिए.’ दुकानदाराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ‘एक?’ ‘हव, एक. पर अच्छा.’ मग त्यांनी तो कॅमेरा हातात घेऊन हलवला आणि कानाशी नेला. फुलकोबीसारखा दाबतात की काय, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं. दुकानदारानं पडद्यावरची पातळ प्लास्टिकची झिल्ली काढायला नख लावलं, तसा मेहुण्यांनी त्याचा हात धरला. ‘रहने दो भैया. अभी लिया नहीं है.’ बिल झालं होतं.

तपासणी सुरू झाली, आणि आमचे रविवार तिच्यात गेले. धूळ तपासायला ते कॅमेरा उरल्याला घेऊन गेले, जिथली काळी भुकटी माणसाच्या बनियनपर्यंत पोचते. परत आल्यावर कॅमेरा ठीक होता, मेहुणे तीन दिवस खोकले. गुढियारीत मालधक्क्यावर पोती उतरवणाऱ्या हमालांच्या मागे मागे फिरून त्यांनी चालत्या माणसावर फोकस टिकतो का ते पाहिलं. हमालांना वाटलं कंपनीनं माणूस लावला आहे. त्यांनी कामाचा वेग वाढवला आणि फोकस सुटला. मेहुण्यांनी हे कॅमेऱ्याच्या नावावर मांडलं. ट्यूबलाइटखाली फोटोत पट्टे येतात, बॅटरी लहान आहे, संध्याकाळी रवाळ दाणे दिसतात, लेन्स उघडायला वेळ लावते, मूठ इतकी छोटी की करंगळीला जागाच नाही. या एकेका दोषावर ते माझ्या घरी चहा पिऊन बोलत. मी एकदा म्हणालो, ‘दादा, रोजच्या वापराला हे बस झालं की.’ त्यांनी माझ्याकडे त्या पहिल्या चहासारखं पाहिलं. ‘जवाई, रोजचा वापर सगळ्यात कठीण असते. पूल एकदा बांधते, चालणं रोज असते.’

सगळ्यात मोठी भानगड पंडरीत झाली. हा कॅमेरा माणसाचा डोळा आपोआप ओळखतो आणि त्यावर फोकस धरतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. तिथल्या कापडबाजारात मेहुण्यांनी तो एका साडीच्या दुकानाकडे रोखला. दारात पैठणी नेसवलेला प्लास्टिकचा पुतळा होता आणि शेजारी दुकानाचे मालक हिशेब करत उभे होते. कॅमेऱ्यानं पुतळ्याचा डोळा धरला. मेहुणे सरकले, वाकले, मालकांना हात हलवायला लावला, त्यांना हसायला सांगितलं. कॅमेरा पुतळ्यालाच चिकटून. मालक वैतागून म्हणाले, ‘भैया, मैं ज़िंदा हूँ, ये नहीं है.’ मेहुणे गंभीरपणे म्हणाले, ‘मुझे मालूम है. इसको बताना पड़ेगा.’ घरी येऊन त्यांनी निकाल दिला, की ज्याला जितं कोण आणि निर्जीव कोण हे कळत नाही त्याच्या हाती मी बहीण देणार नाही. माझी बायको आडवी पडून ऐकत होती. ‘अरे, मंग थोडं थांब,’ ती म्हणाली, ‘त्याले सोपं होऊन जाईन.’

खोलीत कुणी हसलं नाही, ती सोडून.

घरातल्या चाचण्यांसाठी सँपल म्हणून तीच असे. तिला फार हलता येत नसल्यामुळे ती सोयीची होती. मटार सोलताना, औषध गिळताना तोंड वाकडं केलेली, माझ्यावर डाफरताना, सावलीत, उन्हात, खिडकीशी, अशी ती त्यांनी पुष्कळ टिपली. एकदा तिनं ते फोटो पाहायला मागितले. मेहुण्यांनी कॅमेरा दिला. तिनं बटणं दाबली, आणखी दाबली, आणि मान वर केली.

‘यात तर काहीच नाही रे दादा.’

‘तपासले अन् पुसले. सँपल होते.’

‘तू मले भंगारात काढून राहिला काय?’

‘तुले नाही. तुकड्याले.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचा पहिल्यांदाच राग आला, आणि राग आला की मी जे करतो तेच केलं. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. ते सगळे मटार, ते वाकडं तोंड, सगळं गेलं होतं. भिंतीसाठीचा एक तर अजून काढलाच नव्हता, कारण कॅमेरा पास व्हायचा होता. आणि बायकोला आता उशा लावल्याशिवाय बसता येत नव्हतं.

तो दिवस आठवड्यातला कुठला होता ते आठवत नाही. आमच्या मागच्या गच्चीत ऊन कोवळं होतं, म्हणून तिची खाट तिथे टाकली होती. मेहुणे जवळून आणि लांबून कडा किती स्वच्छ येतात ते तपासत होते. ‘हलू नको बाई,’ म्हणत ते मागे सरकले, आणखी मागे सरकले, आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीत शिरले. बायकोच्या मदतीला आलेल्या वहिनींनी नुकताच धुऊन टाकलेला ओला परकर सरळ त्यांच्या डोक्यावर आला. दुसरा कुणी असता तर आधी परकर काढला असता. परकराच्या आतून आवाज आला, ‘हलू नको, फोकस धरला आहे.’ पुढे आलेला हात कॅमेऱ्यासकट हवेत होता. बायको अशी हसली की उशा सरकल्या. खट् झालं.

परकर निघाल्यावर आम्ही तिघांनी तो फोटो पडद्यावरच्या त्या झिल्लीतूनच पाहिला. मेहुणे मोजू लागले. ‘डोळे अर्धे मिटले. तोंड उघडं. फोटो तिरपा. मागं बादली आली. फेल.’ आणि त्यांचा अंगठा पुसायच्या बटणावर गेला.

‘हाच,’ बायको म्हणाली.

‘हे सँपल आहे बाई.’

‘हाच पाहिजे मले.’

‘सँपल डिस्पॅच होत नसते.’

‘अन् मी डिस्पॅच झाल्यावर काय लावशीन? बादली?’

मेहुणे खाटेच्या कडेला बसले. अंगठा बटणावरच होता. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग जरा हळू म्हणाली, ‘दादा, कॅमेरा पास नाही होत तोवर मी जात नाही, असं वाटून राहिलं ना तुले?’

‘फोकस तपासून राहिलो मी,’ ते म्हणाले.

‘हव. मले माहीत आहे.’

शेवटी त्यांनी अंगठा उचलला. कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘जवाई, हा ठेवा. माझ्यापाशी राहिला तर मी पुसून टाकीन.’ मग उठून त्यांनी तो परकर पुन्हा दोरीवर घातला, नीट झटकून, सुरकुती न ठेवता, जणू त्याचीही तपासणी होती.

ती त्यानंतर फार थांबली नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी तोच फोटो फुलांत ठेवला, तिरपा, हसरा, बादलीसकट. फ्रेम करणाऱ्यानं बादली काढून देतो म्हटलं होतं, तर मेहुण्यांनी त्याला त्यांच्या मावशीच्या खांद्यावरच्या हाताची गोष्ट सांगून हैराण केलं. एक नातेवाईक बाई कुजबुजल्या, की असा दात दाखवणारा फोटो लावतात काय. मेहुणे पुढे झाले आणि त्यांना म्हणाले, ‘पार्टीनं स्वतः पसंत केला आहे. मालाबद्दल तक्रार चालणार नाही.’

आणि मग माणूस बिघडला. म्हणजे सुधारला, असं दुसरे म्हणतील. त्यांनी तपासणं सोडून दिलं. भाजीवाला जी कोबी देईल ती घेऊन येतात. कशाबद्दलही विचारा, ‘चालते’ म्हणतात. वहिनींनी एकदा मला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘जवाई, काल पोळी करपली. मी म्हटलं, दुसरी करते, तर म्हणे राहू दे, चालते. यांनी मले पास केलं हो. मले भीती वाटून राहिली.’ मी घरात शांतता आवडणारा माणूस, पण ही शांतता मलाही सोसेना. मी मुद्दाम त्यांना दाखवायला वाईट वस्तू आणू लागलो. डगमगणारं स्टूल नेलं. चालते. किडके शेंगदाणे नेले. त्यांनी ते खाल्ले.

गेल्या रविवारी पंडरीत मी एक निळी चादर घेतली. दुकानदार भला होता. रंग जाईल, म्हणून त्यानं स्वतःच बजावलं. मी तीच बांधून मागितली. मेहुण्यांनी ती उलगडली, ‘चालते’ म्हणाले आणि पुन्हा घडी घालू लागले. घडी घालताना त्यांचा हात एका कोपऱ्याशी थांबला. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून तो कोपरा चोळला. अंगठा निळा झाला. ते उठून खिडकीशी गेले आणि उजेडात अंगठा बघत उभे राहिले. आतून वहिनींच्या लाटण्याचा आवाज बंद झाला.

‘जवाई, हे काय उचलून आणलं तुम्ही?’

‘काहून, काय झालं?’

‘परत करा.’

मी चपला घालायला लागलो.

‘थांबा,’ ते म्हणाले. ‘तो दुकानदार तुमाले बनवून टाकते. मी येतो.’

स्कूटरवर मागे बसल्या बसल्या त्यांनी विचारलं की ब्रेक असा काहून वाजतो, आणि टायरमध्ये हवा कुणी भरली, आणि आरसा बाहेरच्या बाजूला काहून वळवला आहे. पंडरी तशी जवळ आहे. मी स्कूटर सावकाश घेतली, म्हणजे त्यांचं बोलणं संपायच्या आत रस्ता संपणार नाही.