शितलच्या कोपराची राखण

वाती वळून अर्ध्या झाल्या होत्या. मांडीवर कापूस, शेजारी राखेची वाटी, तोंडात नामदेवरायाचं नाव. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली आणि लसूण-ओवा घालून कढवलेल्या करडईच्या तेलाचा वास आला. चतुरामावशी कुठंही येते ती अशीच. वास पुढं, ती मागं.

“शितल कुठाय वं?”

“पाढे म्हणून राहिली. मावशी, पदराखाली काय हाय?”

“काय न्हाई.”

“वास येऊन राहिला.”

“दुपारी लसणाची चटणी खाल्ली,” ती म्हणाली आणि पदर दुसऱ्या बाजूला सारला. तिकडून वाटी दिसलीच.

चतुरामावशी तांड्यावर राहते. नरसीत आणि आसपासच्या गावांत बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं हे तिचं काम. आमच्या आळीत तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथं न पडलेलं माणूस सहसा सापडायचं नाही. शितलच्या बाबांचं देवळाच्या रस्त्यावर नारळ-उदबत्तीचं दुकान आहे. भर गिऱ्हाइकांत उभी राहून ती त्यांना म्हणते, “ओम्या, तुजं डोस्कं दुधीवानी लांबट होतं, म्या दाबून दाबून गोल केलं. नारळ बराबर बघून दे.” ते निमूट आतला चांगला नारळ काढून देतात. माझ्या शितललाही तिनंच न्हाऊ घातलेलं. पोरीचा जीव तिच्यावर, तिचा पोरीवर. पंचाईत होती ती त्यामुळंच.

यंदा हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि यंदाच पंचमीला शितल लिंबाच्या झोक्यावरून पडली. डावं कोपर मोडलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, लेकराचं कोपर आहे, नांदेडला हाडाच्या डॉक्टरांनाच दाखवा. नांदेडच्या डॉक्टरांनी आत तारा घातल्या, वरून प्लास्टर केलं. पुढं प्लास्टर निघालं, तारा निघाल्या, पण हात काही सरळ होईना. सूप धरल्यासारखा वाकलेला तो वाकलेलाच.

डॉक्टर म्हणाले, “पोरगी स्वतःच्या जोरानं हळूहळू सरळ करील. दुसऱ्या कुणी ओढायचं नाही, शेकायचं नाही आणि तेल लावून चोळायचं तर अजिबात नाही. चोळलं तर मांसात नको तिथं हाड धरतं. मग हात कायमचा असाच राहील.”

‘कायमचा’ हा शब्द ऐकल्यापासून माझं जपात लक्ष लागत नव्हतं. पोरीला उद्या पाण्याची घागर उचलायची आहे, वेणी घालायची आहे, देवापुढं दोन हात जोडायचे आहेत.

मावशीला मात्र हे पटेना.

“तुज्या डाक्टरनं आजवर किती लेकरं न्हाऊ घातली? इचारलंस?”

“शिकलेला माणूस हाय, मावशी.”

“शिकला आसंल. त्याच्या मायनं त्याला तेल न लावताच मोठा केला का?”

त्या दिवशी मी वाटी काढून घेतली. पण मावशीला रोज काही ना काही काम निघायचं. कधी ताक मागायला यायची, कधी शितलला ओव्या शिकवायला. ओवी तोंडानं चालायची आणि हात आपसूक कोपराकडं सरकायचा. मी खाकरले की हात मागं. मला वाटतं, त्या हातांचं तिला स्वतःलाही कळत नसावं.

मग एका सोमवारी मी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले. पोरीच्या हातासाठीच नेम धरला होता. शितलला तिच्या बाबांपाशी दुकानात ठेवलं. संध्याकाळी येऊन बघते तर पोरीचा हात खांद्यापासून बोटापर्यंत तेलानं चकचकीत.

“आई, मावशीनं एकदाच केलं. लई दुखलं, पण मी रडले नाही.”

मी यांच्याकडं बघितलं.

“मी काय बोलणार?” हे म्हणाले. “ती म्हणाली, ओम्या, तू गिऱ्हाईक बघ. मी गिऱ्हाईक बघितलं.”

सकाळी कोपर तव्यासारखं तापलेलं. आधी जेवढं सरळ होत होतं तेवढंही होईना. भाकरी टाकायचं सोडून मी पोरीला घेतलं आणि जीपच्या थांब्यावर गेले. जीपमध्ये खिडकीजवळ चतुरामावशी आधीच बसलेली. यांनीच तिला सांगितलं असणार.

“तू काहून?”

“जिनं चोळलं तिनं ऐकून घ्यायला नको?” एवढं बोलून ती हिंगोलीपर्यंत गप्प. मावशी गप्प बसलेली बघून ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, आजीला बरं नाही का म्हणून.

हिंगोलीहून एस्टीनं नांदेड गाठलं. दवाखान्यात बाकड्यावर शेजारच्या बाईचं तान्हं रडत होतं. मावशीनं ते मांडीवर घेतलं आणि पाठीवरून असा हात फिरवला की ते झोपलं. मग आणखी एका बाईनं आपलं पुढं केलं. कंपाउंडर येऊन म्हणाला, “आजी, इथं डॉक्टर साहेब तपासतात.” मावशी म्हणाली, “तपासू द्या की. मी कुठं तपासून राहिले?”

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी कोपराला हात लावला, वास घेतला आणि चष्मा काढला.

“तेल कुणी लावलं?”

मी फरशीकडं बघायला लागले.

“म्या,” मावशी म्हणाली. “म्या लावलं. हेच हात. हेच्यावर आख्खं नरसी उभं राहिलंय, साहेब.”

“नरसी उभं करा. कोपर सोडा.”

नवा फोटो काढला. डॉक्टर तो उजेडात धरून बराच वेळ बघत होते. मी नामदेवरायाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही, फेडून झाल्यावर लिहीन.

“अजून नको तिथं हाड धरलेलं नाही,” ते म्हणाले आणि मावशीकडं वळून वैतागानं बोलले, “पण यापुढं कुणी बोट जरी लावलं ना, तर मी हिच्या आईला नाही, तुम्हाला विचारीन.”

डॉक्टर रागावले होते. मावशीनं मात्र ती नेमणूक समजली. “डाक्टर मला इचारनार हाय,” तिनं कंपाउंडरला सांगितलं, मग एस्टीच्या कंडक्टरला, मग जीपमध्ये सगळ्यांना.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसली. माझी मावसनणंद बामची बाटली घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवलं. झाडपाल्याचा लेप विकणाऱ्याला गल्लीच्या टोकापर्यंत हाकललं. मी पोरीला आंघोळ घालून हात पुसायला लागले तर मला म्हणाली, “पुसू नको. टिप. चोळायची तुला लई हौस हाय.”

छताच्या आढ्याला तिनं दोरीनं शेंगदाण्याच्या लाडवाची पुरचुंडी टांगली. शितलनं ती डाव्या हातानंच काढायची. रोज पोरगी शाळेत गेली की मावशी दोरी थोडी आखडायची. लेकरू टाचा उंच करून हात ताणायचं, तोंड वाकडं करायचं. मावशीला ते बघवायचं नाही. धावून जाऊ नये म्हणून ती स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून, त्यांच्यावरच बसून राहायची.

“जरा वर, माय. आनखी जरा. म्या हात लावनार न्हाई, तूच काढ.”

दिवाळी झाली आणि आम्ही परत नांदेडला गेलो. डॉक्टरांनी शितलचे दोन्ही हात पुढं करायला सांगितले. उजवा सरळ. डावाही सरळ, जवळपास.

“एवढं उरलंय ते आपोआप जाईल,” डॉक्टर म्हणाले. “छान झालंय. पुन्हा यायची गरज नाही.”

मी पोरीला तिथंच दोन्ही हात जोडायला लावले. मावशीनं विचारलं, “साहेब, आता लावू का तेल?”

“नाही.”

“केसाला?”

डॉक्टर पहिल्यांदा हसले. “केसाला लावा.”

दवाखान्याच्या पायरीवरच तिनं पिशवीतून बाटली काढली आणि पोरीच्या डोक्यावर एवढं तेल थापलं की फ्रॉकची कॉलर भिजली. मी ती पदरानं टिपून घेतली.

आता बुधवारी मावशीला औंढ्याला जायचंय. तिथल्या कमलबाईच्या नातवाचं प्लास्टर निघालंय, आणि तेलाच्या वाट्या घेऊन येणाऱ्या बायांना दारातच अडवायचं आहे.