फौजदारीण आणि शीळवाला

एका पाखराला मी जोड्याने मारायची धमकी दिली होती. नुकतेच लग्न झालेले, पळसदरीच्या शाळेत नोकरी लागलेली. बायकोला गाव दाखवायला ओढ्याच्या वाटेने नेले, तर झाडीतून कोणीतरी टवाळ पोरासारखी रेंगाळत शीळ घातली. मी चप्पल हातात घेऊन "बाहेर ये" म्हणालो. बाहेर आली ती फौजदारीण, डोक्यावर गवताचा भारा घेऊन.

"कुनाला मारताय मास्तर? शीळवाला हाय तो, पाखरू. तुमच्या बायकोकडं बघाय त्याला येळ नाय."

बायको हसली. अजूनही हसते.

फौजदारीण हे गावाने दिलेले नाव. नवरा गेल्यावर भाताची शेती तिने एकटीने ओढली आणि आवाज कायम चढा ठेवला. उन्हाळ्यात राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, सारा गाव झाडांच्या फांद्या तोडी. ओढ्यावर वाकलेल्या झाडांना मात्र ती कोयता लावू देत नसे. "त्यो त्याचा वाटा. पावसात त्यो तितं गातो, आमी हितं लावनी करतो. कुनी कुनाला उठवायचं नाय."

पण ओढ्याकाठचा तुकडा दिराच्या नावावर. त्याने तो मुंबईच्या एका शेटला सुट्टीच्या बंगल्यांसाठी विकला. पणजोबांनी पाहिलेले ऐन नि जांभूळ ट्रकवर चढले. फौजदारीण ट्रकपुढे उभी राहिली.

"मावशी, मी नुसतं भाडं मारतो," ड्रायव्हर म्हणाला.

"दीर म्हनतो, मी नुसती सही केली. शेट म्हनतो, मी नुसतं पैसं दिलं. मंग तोडलं कुनी रं? भुतानं?"

दोघांनी दंडाला धरून तिला बाजूला केले. मी छत्री उघडून उभा होतो. मी नुसता बघत होतो.

ओढा सिमेंटच्या नळात गेला. त्याला सुधारणा म्हणतात. मग शेटने वसाहतीला नाव सुचवायला मला बोलावले. गावात शुद्ध मराठीचा मक्ता माझ्याकडे. पुस्तकात शीळवाल्याला शीळकरी कस्तुर म्हणतात. निदान नाव तरी उरावे म्हणून मी 'कस्तुरबन' सुचवले. पेंटरने वसाहतीच्या कमानीवर चित्र काढले ते पोपटाचे.

त्या पावसात लावणी शिळेवाचून झाली. फौजदारीण चिखलाच्या पायांनी कमानीखाली थांबली आणि पाटीचा अर्थ तिने मला विचारला. मी सांगितला, जरा ऐटीतच.

ती पोपटाकडे बघत राहिली.

"मास्तर, मढ्याचं बारसं करनारे तुमीच पयले."