नव्वद सेकंदांचं गोड

माझ्या थोरल्या साडूंइतकी पक्की स्मरणशक्ती असलेला माणूस भिवंडीत दुसरा झाला नाही, आणि त्या स्मरणशक्तीवरचा त्यांचा विश्वास माझ्यामुळे उडाला, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगायचं म्हणजे तिच्या बहिणीला सांगायचं, आणि तिच्या बहिणीला सांगायचं म्हणजे साडूंना. तेवढं धैर्य असतं तर हे लिहायला बसलोच नसतो. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात, आणि त्या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली आहेत.

साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मला ते ‘धाकटे’ म्हणतात. पालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर त्यांनी सारी नोकरी काढली आणि त्या टेबलावरून गेलेली प्रत्येक तारीख त्यांच्या डोक्यात जाऊन बसली. बाजारात त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा असे. समोरून कोणी ओळखीचा आला की नमस्काराच्या आधी ते त्याची जन्मतारीख म्हणत. एकदा भाजी मंडईत एका लूमवाल्या शेठना त्यांनी मध्येच थांबवलं. “काय शेठ, काल धाकटी पाच वर्षांची झाली ना?” शेठ गोंधळले. “अरे साहब, घर में किसी को याद नहीं था, आप को कैसे याद रहा?” साडू म्हणाले, “घर में रजिस्टर नहीं है ना.” आणि पुढच्या टोमॅटोवाल्याकडे वळले. मृत्यूच्या तारखाही त्यांना तितक्याच पाठ होत्या, पण त्या कोणी विचारल्याशिवाय सांगायच्या नाहीत हा त्यांच्या टेबलाचा नियम होता. नियमांचा माणूस. धोतराचा काळ असता तर निऱ्यासुद्धा मोजून घातल्या असत्या.

अशा माणसाच्या घरी एक्क्याण्णव साली मायक्रोवेव्ह आला. त्यांच्या भाच्याने मस्कतहून आणला होता. पहिला आठवडा बिल्डिंगमधली माणसं दर्शनाला आल्यासारखी येऊन गेली. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, त्यात दूध तापवलं, ते उतू गेलं, आणि “माझा गॅस बरा” म्हणून त्यांनी त्या यंत्राचं नाव टाकलं. मग ते साडूंनी ताब्यात घेतलं. सोबत आलेल्या पुस्तकात एका कपातल्या सफरचंदाचं चित्र होतं. त्या चित्रावरून त्यांनी महिनाभर प्रयोग केले आणि स्वतःचा एक पदार्थ बसवला. चिनी मातीच्या कपात एक चिकू किंवा अर्धं सफरचंद, नाहीतर पिकलं केळं, बारीक चिरून घालायचं. वर चमचाभर साखर, बोटभर तूप, चिमूटभर वेलची. त्यावर दोन ग्लुकोजची बिस्किटं हाताने चुरून. नव्वद सेकंद आत, एक मिनिट बाहेर, मग थंड सायीचा एक गोळा. बस. खाली फळ विरघळलेलं, वर बिस्किटाचा खमंग थर. खरं सांगतो, फार चांगलं लागायचं. पण ते एका वेळी एकाच माणसाचं असे. दोन कप शेजारी ठेवायला ते कधीही तयार झाले नाहीत. “दोन ठेवले की दोघांचंही अर्धं राहतं,” असं ते म्हणत. आपल्याकडे गोड म्हणजे पातेलंभर करायचं आणि उरलं तर शेजारी द्यायचं. एका माणसापुरतं गोड ही कल्पनाच ताईंना असभ्य वाटे. “पाव्हण्यांना काय टोकन देऊन बसवू?” असं त्या विचारत, आणि साडू शांतपणे म्हणत, “दे.”

फळं ते अंबाडीहून टोपली घेऊन येणाऱ्या एका बाईकडून घेत, आणि तीही एकेक. बाई वैतागायची. “एकच चिकू? पाखराला घालता का काय, सायेब?” साडू चिकू कानाशी धरून हलवून बघत. “हा उद्याचा आहे. मला आजचा हवा.” “चिकू काय बोलतो व्हय कानात? घ्या मुकाट, ग्वाड हाय. ग्वाड न्हाय निघाला तर टोपली तुमची.” मग हे दहा मिनिटं टोपली उपसत आणि शेवटी तोच पहिला चिकू घेत.

पदार्थाचा मुख्य दिवस शुक्रवार. त्याचं कारण भिवंडीत राहणाऱ्यालाच कळेल. इतर दिवशी सगळ्या गावाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, धडधडत असतात आणि वीज त्यांच्या पोटात जाते. आमच्या घरातले दिवे शनिवार ते गुरुवार आजारी माणसासारखे पिवळे दिसायचे. शुक्रवारी लूमना सुट्टी. कानात दडे बसावेत अशी शांतता, आणि व्होल्टेज पूर्ण. तेव्हा नव्वद सेकंद म्हणजे खरे नव्वद. मधल्या वारी कोणी आलंच तर साडू मागच्या भिंतीला कान लावून पलीकडच्या कारखान्याची खटखट ऐकत आणि सेकंद वाढवत. “आज दुसरी शिफ्ट भरलेली दिसते. दोन मिनिटं दहा.” आणि ते बरोबर निघे.

धातूच्या बाबतीत मात्र ते भीतिदायक होते. धातू आत गेला की यंत्र ठिणग्या टाकतं आणि जळतं, असं त्यांनी वाचलं होतं. दारावर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात ‘धातू आत नेऊ नये’ असा कागद चिकटवला होता. पण तेवढ्यावर समाधान नव्हतं. यंत्राला हात लावण्यापूर्वी ते मनगटावरचं घड्याळ काढत, खिशातल्या किल्ल्या बाहेरच्या खोलीत ठेवत, आणि स्वयंपाकघरात कोणी उभं असेल तर त्याच्याही. माझ्या सासूबाईंना एकदा त्यांनी बांगड्यांबद्दल विचारलं. “देवळात चपला काढतात हो,” सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या या देवासमोर सवाष्णीने बांगड्या काढायच्या का?” साडू म्हणाले, “काढू नका. दोन पावलं मागे व्हा.”

वाटप वयाने. सर्वांत मोठ्याला पहिला कप, मग उतरत्या क्रमाने. वय विचारायची गरजच नव्हती. त्यांच्या पुतणीला बघायला मंडळी आली होती तेव्हा मुलाची आत्या स्वतःला पंचेचाळिशीची म्हणवत होती, आणि साडूंनी पहिला कप नेऊन त्यांच्याच हातात दिला. “अहो, आधी आमच्या दादांना द्या, ते मोठे,” आत्याबाई म्हणाल्या. “नाही,” साडू म्हणाले, “तुम्ही दोन वर्षं चार महिन्यांनी मोठ्या. नोंद इथलीच आहे.” ते स्थळ फिसकटलं. ताई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. साडूंचं म्हणणं एवढंच, की ज्या घरात जन्मतारीख लपवतात त्या घरात मुलगी कशाला द्यायची.

आता माझ्याबद्दल. सासरी कौतुक साडूंचं असे. माझं काही नसे, आणि ‘मला त्याचं काय’ असं मी स्वतःलाही दाखवत असे. फक्त एका माणसापुढे साडूंचा पदार्थ हरला होता, त्या सासूबाई. त्या शुक्रवारचा उपास करत. बिस्किट तर चालायचं नाहीच, पण खरी अडचण कपाची. “ज्यात चहा पितात त्यात देवीला नैवेद्य? आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय मी खात नाही.” साडूंनी नवा कोरा कप आणून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, चिनी माती ती चिनी माती.

चौऱ्याण्णव साली, एका शुक्रवारी, सासूबाई आमच्याकडे राहायला होत्या. साडू आणि ताई सकाळच्या एसटीने दिघाशीला एका हळदीला गेले, शनिवारी संध्याकाळी परतणार होते. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली होती. दुपारी मला युक्ती सुचली. बिस्किटाऐवजी राजगिऱ्याचा लाडू चुरायचा, आणि कपाऐवजी आमच्या देव्हाऱ्यातली नैवेद्याची चांदीची वाटी. चांदीला विटाळ नाही. जे साडूंना तीन वर्षांत जमलं नाही ते मी एका दुपारी करून दाखवणार होतो. वाटी घेऊन साडूंच्या घरी गेलो. यंत्राच्या दारावरचा कागद मी वाचला. जाईन तेव्हा वाचतच होतो. पण धातू म्हणजे स्टील, पितळ, तांबं, लोखंड. चांदी हा धातू आहे हे त्या क्षणी माझ्या मनात आलंच नाही. आमच्या घरात चांदी भांड्यांबरोबर घासायला कधी पडली नव्हती. चांदी म्हणजे चांदी.

वाटी ठेवली, दार लावलं, नव्वदवर काटा नेला. शुक्रवारचं पूर्ण व्होल्टेज होतं. दहाएक सेकंदांत आत निळी वीज कडाडली, एकदा, दोनदा, मग फट्ट असा आवाज आणि जळका वास. आतला दिवा गेला. मी बटण बंद केलं, केळ्याचा राडा पुसला, खिडक्या उघडून वास जाईपर्यंत थांबलो. वाटीच्या काठाला टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग पडला होता, तो घरी येऊन चिंचेने घासला. सासूबाईंना नेहमीसारखं केळं आणि दूध दिलं. तुळशीला पाणी घालायचं राहून गेलं, म्हणून पुन्हा जाऊन घातलं.

रविवारी साडूंनी मला बोलावलं. नाक्यावरचा टीव्ही दुरुस्त करणारा यंत्र उघडून बसला होता. “साहब, अंदर मेटल गया है. ये देखिए निशान. चम्मच होगा, कटोरी होगी. ट्यूब उड़ गई.”  साडू म्हणाले, “शुक्रवारी सकाळी निघताना घाईत एक कप केला होता. चमचा काढला का नाही, आठवत नाही.” ताई म्हणाल्या, “अहो, पण तुम्ही खाल्लात ना तो? मग तेव्हा चालू होतं.” “खाल्ला असेन. तेही नीट आठवत नाही. हे बघ, आठवत नाही, हाच पुरावा.” दुसरं कोण असणार, असं कोणीतरी विचारायला हवं होतं. ताईंनी माझ्याकडे बघितलंही. साडू लगेच म्हणाले, “छे! धाकटे तीन वर्षांत त्या दाराला हात लावायला धजले नाहीत. ते असं करतील?” सांगायचा क्षण तोच होता. तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांची फजिती झाली असती आणि जन्मभर चेष्टा. मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

त्यांच्या वडिलांची गोष्ट मला माहीत होती, म्हणून हे जास्त वाईट. साठीच्या आत त्या गृहस्थांचं सगळं पुसून गेलं होतं. शेवटी ते मुलालाच “आपण कोण?” विचारत. साडूंना मनातून त्याचीच भीती होती, पण टेबलावरच्या तारखा रोज तोंडपाठ निघत तोवर ती भीती गप्प होती. त्या रविवारी ती बोलायला लागली. भाचा म्हणाला, मुंबईहून ट्यूब मागवतो. साडू म्हणाले, “यंत्र दुरुस्त होईल रे. माझं काय?”

मग एकेक गोष्ट सुटत गेली. बाजारात कोणाला तारीख सांगणं बंद झालं. कोणी मुद्दाम विचारलंच तर म्हणत, “रजिस्टर बघून सांगतो.” रजिस्टरमध्ये तीच तारीख निघे, पण त्याचा आनंद त्यांना होत नसे; या वेळी जमलं, एवढंच म्हणत. गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यावरून तीनदा परत येऊ लागले. आणि नोकरीची तीन वर्षं शिल्लक असताना, चुकीची नोंद हातून होण्यापूर्वी उठलेलं बरं, म्हणून स्वेच्छेने निवृत्त झाले. निरोपसमारंभातलं आभाराचं भाषण त्यांनी कागदावरून वाचलं. सगळ्यांना वाटलं, भरून आलंय.

त्याला आता पाच वर्षं झाली. साठी आली, आणि साडूंना काहीही झालेलं नाही. मी जवळजवळ दर शुक्रवारी जातो. आम्ही गॅलरीत बसतो. लूम बंद असतात, रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं वर ऐकू येतं. ते चिकू सोलतात, चार फोडी करतात, दोन मला देतात. बोलताना एखादं नाव अडलं तर, जे माझंही अडतं, ते थांबतात, खाली बघतात आणि विषय सोडून देतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, “धाकटे, तुमचं एक बरं आहे. मी काही विसरलो तरी तुम्ही बोलून दाखवत नाही.” मी चिकूची बी काढत राहिलो.

हे सगळं कागदावर लिहिणं त्या मानाने सोपं गेलं. साडू वाचनाच्या फंदात पडत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. त्यामुळे याने काही फिटलं असं मी समजत नाही. मी त्यांना एक वाक्य देणं लागतो, समोर बसून, स्वतःच्या तोंडाने: त्या शुक्रवारी आत वाटी मी ठेवली होती, तुम्ही काहीही विसरला नव्हतात. ते मी अजून दिलेलं नाही.