चीजघरातल्या काट्यावरचं बाळ

आगानेटा पेनर आमच्या मेनोनाइट पंथाच्या वस्तीतली सुईण. तिच्या हातचं बाळ म्हणजे गुटगुटीतच, असा मेक्सिकोतल्या चिहुआहुआच्या त्या कोरड्या माळावर तिचा बोलबाला होता. नुसतं साडेतीन किलोचं पोर झालं तर बापाला तोंड लपवावं लागे! नवशिक्या सुइणींना मात्र ती दरडावायची, "पोर मोठं, बाळंतपणं जास्त, तिथंच जास्त भ्यायचं. पिशवी ताणून सैल पडते, आवळत नाही, रक्त थांबत नाही. पहिला तासभर पोटावरचा हात काढायचा नाही, घराला आग लागली तरी!"

असं सांगणारी बाई ती. आणि तीच चुकली.

युस्तिना तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. नववं बाळंतपण. सकाळी दहाच्या सुमाराला मुलगा झाला, आणि असला दांडगा की बास! आगानेटानं त्याला फडक्याच्या झोळीत घालून स्प्रिंगचा काटा उचलला, तर काटा पाच किलोवर जाऊन अडकला. पुढं आकडेच नव्हते.

"मोडला की गं मावशी तुझा काटा माझ्या लेकानं!" युस्तिना हसली.

तिचा नवरा कॉर्नेलियस चीज करायचा. अंगणापलीकडेच त्याचं चीजघर. "चल मावशी, दुधाच्या काट्यावर घालू याला. तूच सांग लोकांना. मी सांगितलं तर म्हणतील, फेकतोय."

आगानेटानं भाचीचं पोट चाचपलं. घट्ट लागलं. वारही नीट पडली होती.

"जा गं," युस्तिना म्हणाली. "मी काय पळून जातेय? आकडा मात्र मला येऊन सांग."

पाच मिनिटांचं काम. पण दूध घालायला आलेली माणसं कॅन घेऊन उभीच होती. प्रत्येकाला आधी अंदाज सांगायचा होता.

"सहा किलो!"

"छे! कॉर्नीचा माल ना? पाणी वजा करा आधी!"

हसून हसून पुरेवाट. काटा पाच किलो चारशेवर थांबला. जो तो आगानेटाला शाबासकी देऊ लागला, आणि खोटं कशाला बोलू, म्हातारी सुखावली. वीस मिनिटं कशी गेली तिला कळलं नाही.

ती परतली तेव्हा युस्तिना पांढरीफटक पडली होती. गादी भिजून रक्त जमिनीवर टपकत होतं.

"किती भरला?" तिनं विचारलं.

"पाच चारशे! ऐकलंस का गं? डोळे उघड, पाच चारशे!" आगानेटा दोन्ही हातांनी पोट चोळत ओरडत राहिली. पिशवी आवळावी म्हणून तिनं बाळाला युस्तिनाच्या छातीशी लावलं. कॉर्नेलियसनं गाडी काढली. गावचा दवाखाना पाऊण तासावर. सफरचंदाच्या बागा ओलांडायच्या आतच युस्तिना गेली.

लोक म्हणाले, देवाची मर्जी. आगानेटाला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला जाळत होतं. दफन झाल्यावर ती कॉर्नेलियसपुढं जाऊन उभी राहिली.

"शिव्या दे मला, कॉर्नी. जगाला शिकवलं आणि मीच उठून गेले."

"तुला नेलं कुणी? मीच ना?" मग त्यानं विचारलं, "मावशी, तिनं हाका मारल्या असतील का गं?"

आगानेटाला काय ठाऊक? चीजघरात तेव्हा सगळे हसत होते.