लाल चढलेला ताव

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, छापखान्यात मशीनवर होते. तिथे त्यांना सगळे भिंग म्हणत. इतरांच्या खिशाला पेन असायचं, यांच्या खिशात भिंग. छापलेला ताव उचलायचा, भिंगाला डोळा लावायचा आणि जाहीर करायचं, "निळी शाई केसभर कमी आहे." जगातल्या कुठल्याही रंगावर या माणसाचा पटकन विश्वास बसत नसे. बाजारातल्या टोमॅटोकडेसुद्धा ते संशयाने बघत.

मी त्याच छापखान्यात बाइंडिंगला. त्यांनीच मला तिथे चिकटवलं, त्यामुळे त्यांच्यापुढे माझं तोंड बंद असायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला त्यांचा राग येणार आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी एका कॅलेंडरचं काम आलं. ऑक्टोबरच्या पानावर डोंगरातल्या एका घळीचं चित्र होतं. दोन्ही बाजूंना तासल्यासारखे कडे, मधून चिंचोळी नदी, आणि कडे लालभडक. भाऊजींनी पहिले ताव काढून बघितले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"असला दगड असतो का कुठे? फोटोवाल्याने रंग चढवलाय," ते म्हणाले.

त्यांनी लाल शाई उतरवली, इतकी की कडे सभ्य तपकिरी झाले. भाऊजींनी त्या तावावर 'ठीक' लिहून सही केली, शेजारी गिऱ्हाइकाने केली, मग मशीन सुटलं. आमच्याकडे या दोन सह्या झाल्याशिवाय मशीन सुटत नाही. पाच हजार घरांच्या भिंतींवर तपकिरी घळ जाऊन बसली.

रद्दीत पडलेल्या लाल तावांपैकी एक मी ताईला नेऊन दिला, फळीवर अंथरायला. तिने तो अंथरला नाही. ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, उजेड लागून रंग उडू नये म्हणून. छपाईचं एवढं ज्ञान तिला नवऱ्याच्या संगतीत आलं होतं. साखरेचा डबा काढायला दार उघडलं की घळ दिसायची.

"आपण इथे जाऊ या हो एकदा," ती म्हणायची.

"अगं, खराब ताव आहे तो. लाल जास्त झालीय त्यात."

"असू दे. जाऊन तर बघू."

"नसलेलं काय बघायचं?"

बसने दिवसभराचा रस्ता होता, काही समुद्रापार जायचं नव्हतं. ताई हट्ट धरणाऱ्यातली नव्हती, पण विषय सोडणाऱ्यातलीही नव्हती. सुट्ट्यांचे दिवस आले की साखर काढताना ती ते दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवायची. हे मी स्वतः बघितलंय आणि समोर बसून मुकाट चहा प्यायलोय.

गेल्या वर्षी ताई गेली. आठ दिवसांचं दुखणं, नवव्या दिवशी सगळं आटोपलं. त्यानंतर भाऊजी बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की ते कपाटच उघडत नव्हते.

मग एक दिवस मला म्हणाले, "चल, ती घळ बघून येऊ. तपकिरी निघाली म्हणजे मी सुटलो."

"आणि लाल निघाली तर?"

उठून त्यांनी ते कपाट उघडलं. ब्लेडने हलक्या हाताने त्यांनी ताव सोडवला आणि गुंडाळी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. वरच्या कठड्यापाशी उभं राहून खाली बघितलं. उन्हाचा पांढुरका धूर पसरला होता आणि त्यात समोरचे कडे मळकट दिसत होते.

"तपकिरीच आहे की रे," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. शेजारच्या टपरीवर त्यांनी चहा सांगितला, वर साखर मागून घेतली. तो घोट घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून माझं डोकं फिरलं.

"खाली उतरू," मी म्हणालो.

"गुडघे आहेत का माझे तसले?"

"ताईचेही नव्हते. ती उतरली असती."

ते उतरले. चारशे पायऱ्या, मग नदीकाठची वाट. एका वळणाला आम्ही कड्याला वळसा घातला. ऊन आता तिरपं झालं होतं आणि धूर वरच राहिला होता. समोरची भिंत पायापासून माथ्यापर्यंत लाल होती, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेसारखी. खाली पाण्यातसुद्धा तोच रंग उतरला होता.

भाऊजींनी गुंडाळी सोडली. ताव दगडाला लावून धरला, भिंग काढलं, तावावर ठेवलं, मग दगडावर ठेवलं. पुन्हा तावावर.

"कमी आहे," ते म्हणाले.

"काय?"

"या तावातसुद्धा लाल कमी आहे. अजून चढवायला हवी होती."

एवढं बोलून ते एका दगडावर बसले. मला त्यांना वर्षभर साठलेलं पुष्कळ काही ऐकवायचं होतं. मी नुसता त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ताई इथे असायला हवी होती, एवढंच मनात येत राहिलं.

"अठरा वर्षं म्हणत होती रे," ते म्हणाले. "मी तिला माझाच रंग दाखवत बसलो."

त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. ताव मांडीवर पसरला, कोपऱ्यात 'ठीक' लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग चाळीस वर्षांच्या सवयीने ताव आणि पेन्सिल डावीकडे पुढे केली, गिऱ्हाईक उभं असतं त्या बाजूला. मी उजवीकडे बसलो होतो.

हात तसाच राहिला.

"दुसरी सही राहिली," ते म्हणाले.